पॅसेजचा खोटा आकडा

शिरूरच्या बाजारपेठेत माडीवरच्या एका खोलीत मी घरांचे नकाशे काढायचो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या कॅडवर हात इतका बसला होता, की घरमालकाने फोनवर बदल सांगावा आणि चहा संपायच्या आत प्रिंट तयार. त्या झटपटीचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

पाटसच्या आबांचं घर असंच काढलं. आबा साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोचे, म्हणजे मावशींचे, पाय गेलेले. त्या चाकाच्या खुर्चीवर असायच्या. संडासला जायचं तर आबांनी नाहीतर सुनेने उचलून न्यायचं. नव्या घरात आपलं आपल्याला जाता आलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. संडासकडे जाणारा पॅसेज मी सव्वातीन फूट रुंद काढला होता. खुर्ची वळणार नाही, चार फूट करा, असा आबांचा फोन आला. आता भिंत सरकवायची म्हणजे दारं, खिडक्या, सगळंच हलवा. मी कंटाळा केला. रेष तशीच ठेवली आणि तिच्यावरचा आकडा तेवढा खोडून चार फूट टाइप केला. नंतर बघू म्हटलं, प्रिंट देऊन टाकला आणि विसरलो.

पुढे एका सकाळी तेच घर थ्रीडीत उभं करायला घेतलं. आबांच्या मुलाला चित्र हवं होतं आणि मी ते सॉफ्टवेअर नुकतंच शिकलो होतो. नकाशा आत घेतला, भिंती वर ओढल्या, हौसेने पॅसेज मोजला. सव्वातीन फूट. म्हटलं, फाइल आणताना गडबड झाली असणार. फूट-मीटरचे युनिट तपासले, सगळं पुसून परत आणलं. सव्वातीनच. मी टाइप केलेले आकडे इकडे आलेच नव्हते, नुसत्या रेषा आल्या होत्या. मग आठवलं, तो चार फुटाचा आकडा मीच टाकला होता.

त्याच दिवशी आतल्या भिंती सुरू होणार होत्या. बांधकामावरच्या मिस्त्रीचा फोन लागेना, आबा उचलेनात. गाडीला किक मारली. न्हावऱ्यापासून पुढे उसाच्या ट्रॉल्या; एक ओलांडावी तर पुढे दुसरी. मी मोठमोठ्याने शिव्या देत होतो, ट्रॉलीवाल्यांना कमी आणि स्वतःला जास्त. तरी चौफुल्यापर्यंत डोक्यात हेच, की हे मिस्त्रीवर ढकलता येईल का.

ते तर सोपंच होतं. पोचलो तेव्हा भिंती गुडघ्याएवढ्या आल्या होत्या आणि आबा मिस्त्रीलाच झापत होते. नकाशातले आकडे जोत्याच्या मापात बसेनात, म्हणून त्याने खोल्या बरोबर घेतल्या आणि उरलं ते सव्वातीन फूट पॅसेजला दिलं. नकाशा कसा चुकेल, तुलाच टेप धरता येत नाही, असं आबांचं चाललेलं. मिस्त्री मान खाली घालून उभा. मावशी सावलीत खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या, सून शेजारी.

"आबा, त्याची चूक नाही," मी म्हणालो. "आकडा मी खोटा टाकला."

सगळं सांगितलं. मावशींनी सुनेकडून स्वतःला बाजेवर बसवून घेतलं आणि मिस्त्रीला खुर्ची जोत्यावर चढवायला लावली.

"बस हिच्यात," त्या मला म्हणाल्या. "आन् संडासात जाऊन दाव."

बसलो. पॅसेजमध्ये शिरलो. संडासाच्या दाराशी वळवायला गेलो तर मागचं चाक विटांना लागलं आणि पुढे पाय अडकले. मागे घेतली, परत वळवली. बोटांची सालटी निघाली. चौघं बघत होते. मला घाम फुटला, लाज वाटली, रडू यायला लागलं. शेवटी उठायला म्हणून दोन्ही हात भिंतीवर टेकवले.

"उठू नगंस," मावशी म्हणाल्या. "मला कुठं उठता येतंय?"

मी परत खाली बसलो. मिस्त्रीने थापी घेतली आणि मी खुर्चीत असतानाच शेजारची भिंत एकेक वीट करून उतरवायला लागला.