कठड्यापर्यंतचा कागद

२०२५ साल, वैशाख नुकता लागला होता. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि बारामतीच्या एका दवाखान्यात लोखंडी बाकावर बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. आतून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "गुरुजींच्या घरचं कोण आहे?" मी उभा राहिलो. तिला जे सांगायचं होतं ते तिच्या तोंडावर आधीच आलं होतं. मग ती हळू आवाजात सांगत राहिली, आबा, आधी इथं सही करा, मग खालच्या खिडकीवर जा, तिथला कागद घ्या, परत वर या... मी मान हलवली, सही केली, जिन्यात आलो, आणि आता काय करायचं तेच आठवेना. लोक अंगावरून जात होते आणि मी कठडा धरून उभा. माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, गेले सात महिने असंच होत होतं. ते कसं असतं ते मला त्या जिन्यात कळलं. तो गेल्यावर कळलं.

बाळूच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीचं काम बघते. ती म्हणाली, आबा, तुम्ही फोनवर बोला, मी लिहून घेते. मी नाही म्हटलं. माझं मी लिहिणार. मी तिसरी शिकलोय, तीही पुरी नाही. मास्तरांनी हातावर छडी मारली, मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो, तो परत त्या शाळेची पायरी चढलो नाही. आईनं हातपाय जोडले तरी नाही. असा माझा हट्ट. त्याच शाळेत पुढं बाळू शिकला आणि इंदापूर तालुक्यातल्या शाळांवर जन्मभर मास्तर राहिला. गाव त्याला गुरुजी म्हणायचं. तेव्हा या लेखात चुका असतील तिथं त्या मुलीनं खुशाल लाल खुणा कराव्यात. आता माझी हरकत नाही... का नाही, ते पुढं येईल.

बाळूला एक नाद होता. चौथीच्या पोरांना तो निबंध कमी आणि कृती जास्त लिहायला लावायचा. सायकलची चेन कशी बसवायची, पिठलं कसं करायचं, शेळी खुंट्याला कशी बांधायची. एका ओळीत एकच काम. आणि वाचणाऱ्याला यातलं काहीच येत नाही असं धरून लिहायचं. मग तो कागद हातात घेऊन लिहिलंय तसं, अगदी तसंच, करून दाखवायचा. एकदा त्यानं मला शाळेत नेलं, कारण फेटा बांधावा तर मीच, असं आमच्या लासुर्ण्यात कुणीही सांगेल. मी पोरांना सांगितलं, पोरांनी लिहून घेतलं. मग एका पोरीला तिचा कागद वाचायला लावून बाळूनं माझा फेटा घेतला आणि सुरू झाला. पोरगी वाचते, "कापड डोक्याभोवती गुंडाळा." किती वेळा ते लिहिलेलं नाही, म्हणून हा गुंडाळतोय, गुंडाळतोय. कपाळ झाकलं, डोळे झाकले, नाक झाकलं. पोरं बाकांवर लोळायला लागली.

"गुरुजी, थांबा की!" ती पोरगी ओरडली.

"तोंडानं नको, कागदावर लिही थांबा!" हा आतून ओरडतोय.

तिनं लिहिलं. दुसऱ्यांदा फेटा बरा बसला, पण टोक खोचायचं तिच्या कागदात राहिलं होतं. शाळा सुटली, आम्ही एसटी धरायला निघालो आणि फेट्याचं टोक याच्या पाठीवर लोंबतंय. मी म्हटलं, "बाळू, खोच की ते. लोक हसत्यात."

"लिहिलं न्हाय आण्णा."

"आरं पण तुला येतंय की!"

"मला येतंय. वाचणाऱ्याला कुठं येतंय?"

स्टँडपर्यंत तो तसाच चालला आणि मी लाजून त्याच्या चार हात मागं. रस्त्यात तो म्हणाला, पोरं मधली पायरी एक वेळ विसरत नाहीत, शेवटची विसरतात. कारण ज्याला काम येतं त्याचा हातच शेवट करून टाकतो, त्याला तो दिसत नाही. चुलीवरचं उतरलं की लाकडं मागं ओढायची, पाणी भरलं की नळ बंद करायचा, हे कुणी लिहीतच नाही. अशा कागदाखाली तो लाल पेन्सिलीनं एवढंच लिहायचा, "पुढे काय?" आणि पोर ती ओळ भरून आणेपर्यंत वही मिटायचा नाही.

बायको गेल्यावर तो माझ्याकडं मळ्यात राहायला आला. त्याची मुलगी वैशाली पुण्यात असते. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी तो अंगणात आला तो शर्टावर बनियन घालून. आम्ही हसलो, तोही हसला. मग एकदा साबण हातात घेऊन न्हाणीत तासभर उभा होता. डॉक्टर म्हणाले, हे मेंदूचं दुखणं आहे, वाढत जाणार. वैशाली म्हणाली, पुण्यात अशा माणसांना सांभाळणारी संस्था आहे, तिथं ठेवू.

"माझा भाऊ माझ्या घरातनं कुठं जायचा न्हाय," मी म्हटलं.

"मोठे काका, तुमचं वय बघा."

"माझं वय माझ्यापाशी. तुला त्याचं पोट जड झालं आसंल, मला न्हाय."

असं बोलायला नको होतं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "उन्हाळा संपेपर्यंत बघते. बाबांना स्वतःचं स्वतः करता येत नाही असं दिसलं, की मी नेणार. तेव्हा तुम्ही आडवं यायचं नाही." मी होय म्हटलं. तेव्हापासून माझा जीव एवढ्या एका गोष्टीवर टांगलेला. बाळूला त्याचं त्याला करता आलं पाहिजे.

वाट त्यानंच दाखवली. एका दिवशी डोकं ठिकाणावर असताना म्हणाला, "आण्णा, मला लिहून दे. सांगितलेलं निसटतंय, लिहिलेलं अजून कळतंय." मी लिहून द्यायचं! मी तर सहीपुरता पेन धरलेला. पण बसलो. पहिला कागद तोंड धुण्याचा. काटक्या रचल्यासारखी अक्षरं. त्यानं वाचला, तोंड धुतलं, नळ तसाच वाहत ठेवून आला आणि खिशातली लाल पेन्सिल काढून कागदाखाली लिहिलं, "पुढे काय?" दात घासायचं ध्यानात राहीना, पण हे राहिलं होतं. मी हसलो आणि नळ बंद करायची ओळ लिहिली. मग शर्टाचा कागद, चहा पिण्याचा कागद, औषधाच्या गोळीचा कागद. सगळे भिंतीला खिळ्यांवर. लाल खूण आली की मी ओळ भरायची. हिवाळाभर चाललं. खरं सांगतो, मला तर शाळेत परत गेल्यासारखं झालं होतं. माझी सून सुरेखा गमतीनं म्हणायची, "आबा, पास व्हनार बरं का औंदा तुमी."

चैत्रात वैशाली आली. सोबत तिची सासरची माणसं होती. तिनं भिंत बघितली, एकेक कागद वाचला, त्यावरच्या लाल खुणा बघितल्या. चारचौघांत म्हणाली, "मोठे काका, तुम्हाला धड लिहिता येत नाही. आजारी माणसाला तुमच्या चुका तपासाव्या लागतायत. कशासाठी हा हट्ट?" ती छडी हातावर नाही, छातीत बसली.

त्याच आठवड्यात मी फिरायला जायचा कागद लिहिला होता. चप्पल घाल. काठी घे. फाटकाची कडी काढ. बाहेर जा. कडी लाव. उजव्या हाताला सरळ जा. कॅनॉलच्या पुलाच्या कठड्याला हात लाव. वैशाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळूनं तो कागद माझ्यापुढं धरला. खाली लाल अक्षरं.

"आण्णा, पुढं काय?"

"पुढं काय म्हंजे? कठडा आला, झालं."

"वाचणाऱ्याला..."

"वाचणारा तूच हायस न्हवं? तुला घर ठावं न्हाय व्हय? बास कर तुझी मास्तरकी!"

तो हसला. पेन्सिल खिशात ठेवली. आणि मी तो कागद तसाच, लाल खुणेसकट, खिळ्याला अडकवला. एक ओळ लिहायची होती. मी लिहिली नाही.

आठ-दहा दिवस काही झालं नाही. सकाळी सातला तो जायचा, परत यायचा. मी मनात म्हणायचो, बघ, आलास का नाही? तो कसा येत होता ते कुणी बघितलंच नाही. सुरेखा रोज फाटकातून हाक मारायची, "गुरुजी, च्या झालाय!" त्या हाकेवर तो मागं फिरायचा. शेवटची पायरी तिच्या हाकेत होती, ती कागदावर कुणाला दिसणार?

त्या दिवशी सुरेखा पहाटेच्या गाडीनं माहेरी, सुप्याला गेली होती. मुलगा कामावर. कॅनॉलचं पाणी सुटलेलं आणि आमची पाळी होती, म्हणून मला लांबच्या तुकड्यात उसाला पाणी द्यायला जायचं होतं. मी बाळूच्या हातात कागद दिला, भाकरी झाकून ठेवली आणि निघालो. दुपारी येईन म्हटलं होतं. पाट फुटला, बांधाबांध करण्यात चार वाजले. घरी आलो तर भाकरी झाकलेली तशीच. चप्पल नाही, काठी नाही, खिळा मोकळा...

तो पुलाच्या कठड्यापाशी खाली बसला होता. तिथं सावली नाही. सकाळी सातपासून चारपर्यंत, वैशाखात. एक हात कठड्याला लावलेला, दुसऱ्यात कागद. येणारे-जाणारे दिवसभर "गुरुजी नमस्कार" म्हणून पुढं जात होते आणि तोही नमस्कार करत होता, असं मला मागाहून कळलं. ओठ फाटलेले, अंग तव्यासारखं. मी त्याला हलवलं. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं आणि कागद माझ्यापुढं केला.

"आण्णा, पुढं?"

त्यात राग नव्हता. पोराला विचारावं तसं विचारलं. त्याचं माझ्याशी तेवढंच शेवटचं बोलणं. बारामतीला नेलं, तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

लोक म्हणतात, ऊन लागलं. डॉक्टरही तेच म्हणाले. वैशाली मला एक शब्द बोलली नाही, उलट जाताना पाया पडली. फिरायच्या कागदावरच्या लाल खुणेचं तिला ठाऊक नाही. मला तिच्यापुढं तोंड उघडता आलं नाही, म्हणून हे लिहितोय. वैशाली, तुझ्या बापानं मला चूक दाखवली होती. मी ती बघितली होती. तू मला लिहिता येत नाही म्हणालीस ते खोटं होतं, मला तेवढं लिहिता येत होतं. माझ्या हट्टानं मी ते लिहिलं नाही. आता तू काय म्हणशील ते मी ऐकून घेईन.

बाकीचे कागद अजून भिंतीवर आहेत. सुरेखा काढायला निघाली, मी काढू दिले नाहीत. न्हाणीतून आलो की मी तोंड धुण्याचा कागद वाचतो आणि परत जाऊन नळ बघतो.

दवाखान्यातून त्याचे कपडे पिशवीत घालून दिले होते. शर्टाच्या खिशात तो कागद होता, चार घड्या घातलेला, घामानं अक्षरं फुटलेली, पण लाल तसंच. पेन्सिलही होती, बोटाएवढी उरलेली. आम्ही त्याला संध्याकाळच्या आत अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे उठायच्या आधी मी चप्पल घातली. काठी घेतली. फाटकाची कडी काढली. बाहेर गेलो. कडी लावली. उजव्या हाताला सरळ गेलो. पुलाच्या कठड्याला हात लावला. मग कागद कठड्यावर पसरून त्याच्याच पेन्सिलीनं, त्याच्या अक्षराखाली लिहिलं, मागं फिर, घरी ये. ओळ वाकडी आली. आणि लिहिलं होतं तसं मागं फिरलो. तिथून आमचं घर दिसतं. फाटक, पडवी, वाळत घातलेला त्याचा टॉवेल, सगळं दिसतं.