पाटावर खोटं चालत नाही

रेहानाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. फोन त्यांच्या मुलाचा, इम्रानचा, पुण्याहून. "मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कशी?" तर म्हणाला, "झोपेत." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि राहिलेली ज्वारी निवडली. कुणाला हे कोरडं वाटेल. पण त्यांची माती तिकडेच दुपारी होणार होती, मी काही पोचणार नव्हते, आणि ज्वारी अर्धी टाकून उठले असते म्हणून बाई परत आल्या नसत्या. रडू आलं ते पुढं कधीतरी, गिरणीच्या रांगेत, काही कारण नसताना...

त्या संध्याकाळी सुवर्णा आली. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. चिंचोळीच्या एका टॉवेल कारखान्यात पूर्वी घड्या घालायची, आता तिथंच ऑफिसात बसते आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत लिहिते. तिच्या फोनवर बाकीच्या विद्यार्थ्यांचे निरोप आले होते, ते तिनं मला वाचून दाखवले. सगळे एका साच्यातले. सॉरी टू हिअर, सॉरी टू हिअर... ऐकून वाईट वाटलं म्हणे. मी म्हणाले, "एकाला तरी दुसरं काय सुचलं का गं?" ती म्हणाली, "आजी, लोक असंच लिहितात. बाईंनीच शिकवलंय की." ते खरं होतं. हे चार शब्दही मी तिच्याच आग्रहावरून लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात. इंग्रजी मला येत नाही. बाईंच्या वर्गात जे कानावर पडलं तेवढंच माझ्याजवळ आहे.

बाईंच्या आणि माझ्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे माझं शिलाई मशीन, टॉवेलच्या कडा मारायचं काम. पलीकडे बाईंचा वर्ग. हायस्कुलातून रिटायर झाल्यावर त्यांनी संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. कारखान्यातल्या पोरी, दुकानात कामाला असणारे, रिक्षावाल्यांची मुलं, कुणीही येई. पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकावून मला म्हणाल्या, "आक्का, तुमचं मशीन माझ्यापेक्षा जास्त बोलतंय." मी म्हणाले, "त्याला रोज तेल घालते मी. तुमी बी घ्या थोडं." त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलांना म्हणाल्या, "मोठ्यानं बोला, शेजारी आक्कांनी मशीनला तेल घातलंय." तेव्हापासून आमचं जमलं.

पुस्तकात एक धडा होता. आधी माणूस कसा आहे किंवा गोष्ट कशी आहे ते सांगणारा शब्द, मग टू, मग करायची क्रिया. नियम पाठ केला की धडा संपला. बाईंना ते पटत नसे. त्या म्हणायच्या, "कुठल्या शब्दाचं कुणाशी जमतं हे नियमाला कळत नाही, बोलणाऱ्यांना कळतं. जा, बघून या." मग मुलं नवी पेठेत जाऊन खोक्यांवर छापलेलं वाचून यायची. क्रिकेट ऐकायची, साहेबाला परदेशातून काय लिहून येतं ते विचारून यायची. मिक्सरच्या खोक्यावर ईझी टू क्लीन, धुवायला सोपा. पाकिटावर रेडी टू ईट. कंपनीची माणसं फोनवर हॅपी टू हेल्प. मुलं सांगायची आणि बाई एकेक शब्द उलटापालटा करून बघायच्या. रेडी कुणाबरोबरही जातो, खायला, निघायला, भांडायला. सॉरी बहुतेक वेळा ऐकण्याजवळच घुटमळतो. डिफिकल्ट टू से, म्हणजे सांगणं कठीण, असं जो म्हणतो त्याला बरेचदा माहीत असतं, असं बाईंचं मत. आणि अफ्रेड... भ्यायलेला. "पुस्तकात लिहिलंय, उडी मारायला भ्यायलेला," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्ही काय आणलंत बघा. अफ्रेड टू आस्क, परत अफ्रेड टू आस्क. माणसं उडीला नाही भीत. विचारायला भितात." मी मशीन थांबवून ऐकत होते. मला ते शब्द शेजाऱ्यांसारखे वाटले. काहींचं कुणाहीशेजारी निभतं, काहींना ठरावीकच शेजार लागतो.

लोक काय म्हणतात ते सांगून झालं की दुसरी फेरी. त्यासाठी एक शिसवी पाट होता, बाईंच्या आईचा. एकेकानं त्यावर बसायचं. बाई पहिले दोन शब्द टाकायच्या, हॅपी टू, अफ्रेड टू, रेडी टू... आणि बसलेल्यानं शेवटचा शब्द स्वतःचा घालायचा. लोकांचा नाही. आणि खरा. पाटावर खोटं चालत नाही, हा तिथला कायदा. कुणी थाप मारली की सगळी पोरं ओरडायची, "बाई, खोटं हाय." एक पोरगा हॅपी टू स्टडी म्हणाला तर हसून हसून त्याला पाटावरून खाली ओढलं होतं.

सुवर्णा नवी होती तेव्हाची गोष्ट, तिला विचारूनच लिहिते. ती पाटावर बसली. बाई म्हणाल्या, "अफ्रेड टू?" तिनं आधी ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "गो होम." घरी जायला. कुणी हसलं नाही. बाईंनी वर्ग सोडला, पायात चपला घातल्या आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेल्या. तिथं काय बोलल्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सुवर्णा पुढं काही दिवस बाईंकडेच राहिली, आणि मग तिची आई तिला घेऊन वेगळी राहायला गेली.

मलाही एकदा भिंतीपलीकडे बोलावून बसवलं. "आक्का, हॅपी टू?" मी म्हणाले, "सिट." दिवसभर मशीनवर बसून परत बसायलाच आवडतं म्हणते म्हणून पोरं हसली. बाई म्हणाल्या, "हसू नका. मशीनवर बसणं वेगळं, हे वेगळं. पाटावर बसून त्या काही करत नाहीत." मग मी म्हणाले, "आता तुमी बसा की." तर म्हणाल्या, "मी परीक्षा घेते, देत नाही." खरोखरच त्या कधी त्या पाटावर बसल्या नाहीत. त्यांचे यजमान लवकर गेले, इम्रान पुण्याला नोकरीला. एवढ्या घरात एकट्या. रात्री मी पाणी प्यायला उठले की त्यांच्या खिडकीत दिवा दिसायचा. सकाळी विचारलं तर म्हणायच्या, "वाचत होते, आक्का. मला एकटीला मस्त झोप लागते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिकलेली माणसं वाचतात.

गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही जवळजवळ गेली. दवाखान्यात डॉक्टर इम्रानला म्हणाले, "डिफिकल्ट टू से." मी तिथंच उभी होते. मला तेवढं इंग्रजी कळलं आणि मी खाली बघितलं.

घरी आणल्यावर त्या सगळ्याला हां म्हणायच्या. इम्रान विचारायचा, "अम्मी, इधरीच रहना क्या?" हां. "पुणे आते क्या मेरे साथ?" हां. चहा पाहिजे? हां. नको? हां. त्याची रजा संपत आली होती. घर बंद करून अम्मीला न्यावं, की दिवसाची एक बाई ठेवून इथंच राहू द्यावं, काही ठरेना. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "हितंच ठेव. सगळं आयुष्य हितं गेलंय त्यांचं. मी हाय की भिंतीला." हे मी त्यांच्यासाठी म्हणत होते आणि माझ्यासाठीही. माझ्या वयात नवी शेजारीण कुठून आणायची...

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाई आपणहून बोलत नव्हत्या, मात्र मी चहा देताना सहज "रेडी टू?" म्हटलं की "ड्रिंक" म्हणायच्या. लगेच, पूर्वीच्याच आवाजात. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तोंडात बसलेलं कधी कधी राहतं. तेव्हा मी इम्रानला म्हणाले, "तू जरा बस हितं, ऐक." आणि आतून तो पाट आणला. त्यांना खाली बसता येत नव्हतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या, मी त्यांचे पाय उचलून पाटावर ठेवले. म्हणाले, "बाई, आज तुमची परीक्षा. पाटावर खोटं चालत न्हाय." त्यांनी पायाकडे बघितलं आणि एका बाजूनं हसल्या. तेवढीच बाजू राहिली होती.

मी आधी सोपं टाकलं. हॅपी टू? "टीच," म्हणाल्या. इम्राननं माझ्याकडे बघितलं. मला मनातून बरं वाटलं, कारण शिकवायचं तर इथंच. मग मी म्हणाले, "अफ्रेड टू?" मला वाटलं होतं, गो म्हणतील. जायला भिते. मग विषय संपला असता. पण त्यांनी माझा हात धरला, डाव्या हातानं, घट्ट, आणि म्हणाल्या, "स्लीप." इम्रान म्हणाला, "क्या, अम्मी?" त्या परत म्हणाल्या, "स्लीप. अलोन." एकटीनं झोपायला. मी मान वळवून त्या खिडकीकडे बघितलं. इतकी वर्षं तिथं दिवा जळत होता.

अंगणात आल्यावर मी इम्रानला म्हणाले, "घेऊन जा." तो म्हणाला, "मावशी, कालपर्यंत तुम्हीच म्हणत होता, हितंच ठेव." मी म्हणाले, "व्हय, म्हणत होते. आता म्हणत न्हाय. त्यांना कुणाच्या तरी खोलीत झोपव." तो लहान मुलासारखा दारात बसून राहिला. त्याला कधी कळलं नव्हतं. मला शेजारी असून कळलं नव्हतं, त्याला पुण्यात काय कळणार. त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, एवढंच. सगळ्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

गाडीत बसवताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांचा पदर आत घेतला आणि दार लावलं. नंतर इम्रान अधूनमधून फोन करायचा. नातीच्या खोलीत झोपतात म्हणाला, आणि एकदा म्हणाला, "मावशी, अम्मी आता लाइट बंद करायला सांगते." ते ऐकून मी मनात म्हटलं, बरं केलं. आणि झोपेत गेल्या हे ऐकलं तेव्हाही तेच म्हटलं.

घर आता भाड्यानं दिलंय. नवी माणसं चांगली आहेत, त्यांच्याकडे टीव्ही मोठा आहे. सामान न्यायला इम्रान आला तेव्हा विचारत होता, मावशी, तुम्हाला काय ठेवू. मी पाट मागितला. मशीनशेजारी ठेवलाय. काम संपलं की त्यावर बसते, भिंतीला पाठ लावून. काही करत नाही. सुवर्णा रविवारी येते, कधी गल्लीतलं कुणी डोकावतं आणि हटकून विचारतं, "काय आजी, बाईंवाचून करमतंय का?"

मी आधी पाटावरून उठते. मग म्हणते, "करमतंय की."