शून्यावरच्या शशिकलाकाकू

निवृत्तीनंतर विश्वंभर केळापुऱ्यांना दोन गोष्टी जडल्या: मधुमेह आणि कॉम्प्युटर. पहिल्यावर औषध मिळालं.

तीस वर्षांपूर्वी ते कंपनीच्या नोकरीसाठी झाशीत आले. आम्हा पिढीजात घरांना अजून "इथले" म्हणतात, नाक किंचित वर करून. आता त्यांनी दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला नि आमच्या मराठी मंडळाची सभासदांची वही मशीनमध्ये घातली. आडनाव टाकायचं, प्रत्येक ओळीत ते शोधून मशीन "आहे" किंवा "नाही" सांगणार. स्वतःचं आडनाव टाकून पाहिलं. "आहे" आलं. झाली तपासणी!

लक्ष्मी ताल तलावाजवळच्या महालक्ष्मीच्या देवळात अष्टमीची आरती आमच्या मंडळात पाळीने असते. एकदा झाली की घराला अकरा वर्षं थांबावं लागतं. यंदा पाळी शशिकलाकाकू मांडवगण्यांची. काकू एक्याऐंशीच्या. बैठकीत विश्वंभररावांनी "मांडवगणे" टाकलं. "नाही."

"असं कसं? वही बघा ना," मी म्हटलं.

"वहिनी, मशीन अक्षर न् अक्षर तपासतं. पोळ्या लाटण्याइतकं सोपं नाही ते."

"आमच्या पोळ्या निदान गोल होतात."

त्यांनी ऐकलं नाही. सभासदत्व संपलं असणार, असं ठरवून पाळी स्वतःच्या बायकोला, रेवतीला, देऊनही टाकली.

काकू हळूच म्हणाल्या, "पुढच्या पाळीला मी ब्याण्णवची होईन, भैया."

त्यांनी स्क्रीनवरच्या "नाही"कडे बोट दाखवलं.

माझी लेक ऋता मराठी समजते, बोलते मात्र हिंदीच. ती त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. "काकाजी, कंप्यूटर ये बताता है कि सरनेम लाइन में किस जगह मिला, और गिनती शून्य से होती है. सरनेम लाइन के शुरू में हो तो जवाब शून्य. आपने लिखा है, शून्य से बड़ा आए तभी 'आहे'. न मिले तो ये माइनस एक देता है."

आम्ही जुनी घरं वहीत आडनाव आधी लिहितो. कंपनीवाले नाव आधी. म्हणजे या मशीनने आम्हा सगळ्यांनाच झाशीतून उठवलं होतं.

"आडनाव आधी लिहायची ही कसली पद्धत!" विश्वंभरराव उखडले. मग एक खूण बदलून शून्यही "आहे"त धरलं. सगळी घरं परत आली. माफी तेवढी आली नाही.

अष्टमीला काकूंना आरतीचं ताट जड झालं तेव्हा रेवतीनेच हात लावला. विश्वंभरराव मागे उभे राहून कुणाला तरी "सिस्टम सुधारली" सांगत होते. आरती संपवून काकूंनी प्रसादाचा द्रोण उचलला नि हाक मारली.

"या भैया, पहिले तुम्ही. शून्य नंबर."