सीटची उंची

भाट्याच्या पुलावर ती रोज सकाळी दिसायची, काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी, पुरुषांच्या दांड्याच्या सायकलवर. मला सायकलच्या मापांचा नाद. माणसाच्या चेहऱ्याआधी मी त्याचे गुडघे बघतो. सीटची उंची पायांच्या लांबीवरून ठरते. तिची सीट वीतभर उंच होती, म्हणून ती अख्खा पूल उभ्यानेच पेडल मारत जायची.

एकदा न राहवून म्हटलं, "सीट खाली घ्या की. गुडघे जातील."

"ह्यांच्या मापाची हाय ती. गणपतीला मुंबैहून आले की लागते त्यांना."

गणपती झाल्यावर पाहिलं, तर सीट अगदी तिच्या मापाला आलेली.

"बरं केलंत," मी म्हटलं.

"मी नाय. ह्यांनीच केली, जाताना. आता येणं व्हायचं नाय म्हणाले."

एवढं बोलून ती निघाली. पुलाच्या टोकापर्यंत उभ्यानेच गेली.