चार बोटं सरकलेल्या खुंट्या

सुलतानपूरला शाळेच्या नव्या खोल्यांचं बांधकाम चालू होतं, आणि मी संध्याकाळी ठोकलेल्या खुंट्या सकाळी जागेवर नव्हत्या...

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन मी बुलढाण्याला घरी आले आणि सरकारी ट्रेनिंगमध्ये ड्राफ्ट्समनच्या कोर्सला नाव घातलं. वर्गात मुलगी मी एकटीच. वडिलांच्या कचेरीतल्या एका सद्गृहस्थांनी मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं होतं, पोरगी काय महाल बांधणार आहे का... म्हटलं, आधी तुमच्या घराचं गळकं छत बघते.

कोर्सच्या शेवटी दोन महिने साइटवर काढायचे. ओव्हरसियरनं डायरीवर सही केली तरच सर्टिफिकेट, नाहीतर दोन वर्षं पाण्यात आणि मी बोहल्यावर. आमच्या ओव्हरसियरसाहेबांना मी साइटवर मुळातच नको होते. सही न करण्यासाठी ते निमित्त शोधताहेत अशी माझी खात्री होती. आजही आहे.

त्यात तिथले नथ्थूजी मिस्त्री. पन्नाशीचा माणूस, कानाला पेन्सिल, तोंडात तंबाखू. पहिल्या दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "बाई, तुमचं काम कागदावरचं. मातीत काऊन उतरून राह्यल्या?"

पण साहेबांनीच तिसऱ्या खोलीची आखणी मला करायला सांगितली होती. टेप लावून चारही बाजू मोजल्या, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की टाकून पांढऱ्या रेघा ओढल्या. काम इतकं देखणं झालं की मी स्वतःच दोनदा वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या दोन खुंट्या चार बोटं डावीकडे. फक्की पायानं पुसलेली.

मी त्या परत जागेवर ठोकल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे... उजव्या हाताला गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा गोठा होता. खोली डावीकडे सरकली की त्यांच्या गोठ्याला जागा मोकळी. मिस्त्री रोज दुपारी त्यांच्याच ओट्यावर चहा पीत. माझ्या डोक्यात सगळा कट तयार झाला.

मी हेडमास्तरांच्या घरी उतरले होते. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता साइटवर गेले, तर मिस्त्री उकिडवे बसून खुंटी उपटत होते. मला पाहून दचकले. मी तशीच मागे फिरले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी एक शिकवलं होतं, गुन्हेगाराला साक्षीदारांसमोर गाठावं.

साहेब त्याच दिवशी येणार होते. ते जीपमधून उतरताच मी सगळं प्रकरण फर्ड्या इंग्रजीत सांगितलं, कामावरच्या लोकांना कळू नये म्हणून. त्यात 'मिस्त्री' हा शब्द सहा वेळा आला असावा. लोकांना सगळंच कळलं.

"काय नथ्थू, खुंट्या हलवल्या?"

"हाव साहेब, हलवल्या." मिस्त्रींनी कमरेची सुतळी सोडली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "बाई, धरा. तुमच्या पहिल्या जागी धरा, मंग समोरच्या कोपऱ्याले जाऊ."

त्यांनी खुंट्या माझ्या जागी ठोकल्या आणि एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. मग तीच सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ खुंटीच्या चार बोटं पुढे गेली. ते टोक माझ्याच हातात होतं...

चारही बाजू बरोबर होत्या, पण खोली तिरपी होती. परीक्षेत मी लिहिलं होतं की दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. पैकीच्या पैकी मार्क. जमिनीवर मात्र एकही कर्ण मोजला नव्हता.

"मग मला का सांगितलं नाहीस?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "मले वाटलं, बाई तुमचंच मानूस आहे. मुद्दाम वाकडं आखून मिस्त्री पकडतो का नाही, हे पाहून राह्यले तुमी. आन् भिंत वाकडी झाली तं नाव कोनाचं निघते, कागदाचं?"

म्हणजे मी त्यांना चोर समजत होते, आणि ते मला हेर.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पहिली आखणी कोणी केली होती?" त्यांना माहीत होतं. त्यांना ते सगळ्यांसमोर माझ्या तोंडून हवं होतं. टेप धरायला एक मजूर होता, त्याचं नाव घेता आलं असतं. माझ्या जिभेपर्यंत ते आलंही होतं, खोटं कशाला बोलू.

"मी केली. कर्ण मोजला नाही. मिस्त्रींवर आरोप केला तोही चूक."

डायरी त्यांनी मिटली. सही नाही. "चौथी खोली आखा, मग पाहू."

पुढच्या आठवड्यात चौथी खोली आखली. दोन्ही कर्ण तीन-तीनदा मोजले. सकाळी गेले तर मिस्त्री सुतळी गुंडाळत उभे होते, चेहरा पडलेला. म्हणाले, "आज मले हलवाले काहीच नाही भेटलं."

सही झाली. नोकरी लागली, निवृत्तही होऊन जमाना झाला.

हे आज लिहितेय कारण आमच्या शेजारच्या मुलीला सिव्हिलच्या कोर्सला प्रवेश मिळालाय, आणि पोरगी साइटवर काय करणार हा प्रश्न तिच्या काकांनी काल मला, हो मलाच, विचारला. पन्नास वर्षांत माणसांना नवा प्रश्नही सुचू नये...

काकांना उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीला सुतळीचा एक गुंडा दिला. नथ्थूजींनी माझ्या हातात टोक दिलं होतं, तेवढंच मी पुढे केलं.