पैठणीतली आई

माझी मुलगी स्वमग्न. पाच वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द नाही. तिच्या शाळेतल्या ताई म्हणाल्या, चित्रं दाखवून शब्द शिकवू. मला कशातच दम धरवत नाही. त्याच संध्याकाळी मी कार्डं कापायला बसले. पेला, केळं, चप्पल. ‘आई’साठी मोठ्या हौसेनं माझा पैठणी-नथीतला फोटो निवडला. घरातला गाऊन आणि चापात खोचलेले केस कार्डावर कोण लावतं?

दोन महिन्यांनी ती त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, “आई.” मी ढसाढसा रडले. मग कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत भेटेल त्याला थांबवून ऐकवलं. सासूबाई म्हणाल्या, “पुरे आता, दृष्ट लागेल.”

पुढच्या आठवड्यात शाळेत ताईंनी तिला विचारलं, “आई कुठंय?” मी समोरच बसले होते. मुलगी माझ्या गुडघ्याला घासून पुढे गेली, कार्डांची पिशवी उपसली आणि तो फोटो ताईंच्या हातात दिला.

“तिच्या लेखी या कागदाचं नाव आई आहे,” ताई म्हणाल्या. “रोजच्या कपड्यांतला फोटो लावायला हवा होता तुम्ही.”

“अहो, मग आधी सांगायचंत!” मी फाडकन म्हणाले. चूक माझीच होती, म्हणून तर आवाज चढला.

गाऊनमधले नवे फोटो काढले, गालाशी धरून दाखवले. ती बघेचना. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पोळी तव्यावर टाकून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहायची, तोवर इकडे पोळी करपायची. भूक लागली की ती माझा हात ओढून डब्यापाशी न्यायची. हात तिच्या ओळखीचा होता. तो कुणाचा, हे तिला कळत होतं का, देव जाणे.

संक्रांतीत शेजारीण नटूनथटून हळदीकुंकवाला बोलवायला आली. मुलगी धावत दारात गेली आणि तिच्या नथीकडे बघून स्पष्ट म्हणाली, “आई.” शेजारीण बिचारी खजील झाली. मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

ताईंना फोन केला, तर त्या खूश! “अहो, शब्द कागदातून बाहेर आला की!”

फोन ठेवला, कपाटातून दाबाची नथ काढली आणि गाऊनवरच ती घालून पोळ्या लाटायला घेतल्या. मुलगी आली, बराच वेळ बघत राहिली. मग नथीला बोट लावून म्हणाली, “आई.”

त्यानंतर कितीतरी दिवस ती नथ उतरवायची माझी हिंमत झाली नाही.