वस्तादांचं एकच औषध

आमचे वस्ताद डॉक्टर या जातीवर चिडून असायचे. शिवाजी पेठेतल्या तालमीत कुणाचा कान फुटो, कुणाचं ढोपर सोलवटो, औषध एकच. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली, कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती जखमेवर दाबायची. दवाखान्याचं नाव काढणाऱ्याला ते सगळ्यांदेखत झापायचे, "जा की! सुई टोचून घे, आणि पुन्हा लंगोट बांधू नगंस."

माझ्यावर त्यांचा जीव. थंडाई स्वतः घोटायचे आणि पहिला पेला मला द्यायचे. बांधावरच्या बाभळीनं माझं मनगट फाडलं तेव्हा मातीही त्यांनीच भरली.

जखम भरेना. मनगटापासून कोपराकडे एकामागून एक गाठी उठल्या, फुटल्या, वाहू लागल्या. वस्ताद बघायचे आणि मान फिरवून म्हणायचे, "उष्णता हाय. लाव माती." मी चार महिने लावली. शेवटी ताप हटेना म्हणून आईनं मला कातडीच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं.

तिथं बाकड्यावर वस्ताद बसले होते. हातात फाईल, धोतर वर घेतलेलं, पोटरीवर माझ्यासारख्याच गाठी. त्यांच्या मात्र सुकत आलेल्या.

आत डॉक्टर म्हणाले, "ही बुरशी क्वचितच होते. मातीतून जखमेत शिरते आणि आत पसरत जाते. तुझ्या कोपराच्या सांध्यात उतरलीय. तुमच्या वस्तादांना मी तीन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, तालमीत कुणाला असं दिसलं तर लगेच पाठवा."

बाहेर येऊन मी विचारलं, "वस्ताद, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हुतं की. पर मातीत रोग हाय म्हटल्यावर कोण पाय ठेवंल? तालीम बंद पडली असती रं."

"आणि माझा हात?"

ते फाईलची दोरी गुंडाळत राहिले.

वर्षभर गोळ्या खाल्ल्या. गाठी गेल्या, पण कोपर सरळ होत नाही. कुस्ती सुटली. कुस्ती सुटल्याचं दुःख आहेच, पण स्वतः गोळ्या खाऊन मला माती लाव म्हणाले, हे आजही सलतं. तरी तालमीत मी कुणाला काही सांगितलं नाही. हौद्यातली माती तेवढी त्यांनी गुपचूप बदलून घेतली होती.

गेल्या वर्षी वस्ताद गेले. तिरडी उचलताना सगळ्यांनी मला हाक मारली, लाडका पठ्ठ्या म्हणून. मी जागचा हललो नाही. कुणीतरी म्हणालं, "हात दुखत असंल त्याचा."

मी मान डोलावली. हात अजिबात दुखत नव्हता.